मामाची तारीख आणि साल-७

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.४०

आज जे झालं ते क्रमाने. मतं नाहीत, फक्त घटना.

१. १२.१० ला मामाचा फोन आला. मी लॅबमध्ये होते. रविवार, त्यामुळे दुसरं कोणी नव्हतं.
२. त्याने आधी हवापाण्याचं विचारलं. मामा हवापाण्याचं कधी विचारत नाही.
३. मग म्हणाला, लिव्हरमध्ये गाठ निघालीय. ३.२ सेंटिमीटर. कॅन्सरची.
४. हॉस्पिटलने २० तारीख दिली आहे. मांडीतून बारीक नळी घालून गाठीच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचतात, तिथे औषध सोडतात आणि गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात.
५. त्याने विचारलं, तू याच्यावरच काम करतेस ना गं?
६. मी म्हणाले, हो.
७. त्याने विचारलं, तुझं ते झाडाच्या सालीचं कसं चाललंय?
८. मी म्हणाले, उत्तम.
९. त्याने विचारलं, किती दिवस लागतील?
१०. मी म्हणाले, महिनाभरात सगळं स्पष्ट होईल.
११. तो म्हणाला, मग झालं तर. घरचीच डॉक्टर असताना मी कशाला घाबरू?
१२. कॉल ४ मिनिटं ३५ सेकंद.

क्रमांक ८ आणि १० पुन्हा वाचून पाहिले. दोन्हींत खोटं काही नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

संकल्प. साडेसहाला उठणे. पेशींना वेळेवर खाणं. स्वतःलाही. माणसांशी कामापुरतं. महिन्याच्या आत प्रयोग तीनदा करून पेपर लिहायला घेणे.

पुढचा परिच्छेद थिसिसच्या प्रस्तावनेत वापरता येईल, म्हणून सोप्या भाषेत लिहून ठेवते.

पेशी उपाशी राहिली किंवा तिच्यात मोडतोड साठली, की ती आतला कचरा छोट्या पिशव्यांत भरते, त्या पिशव्या पचवणाऱ्या कप्प्यात नेऊन रिकाम्या करते आणि त्यातून जे निघेल त्यावर दिवस काढते. याला ऑटोफॅजी म्हणतात. स्वतःलाच थोडं थोडं खाऊन जगणं. बाहेरून कोणाची मदत नाही. मला ही कल्पना पहिल्या वर्षापासून आवडते.

या पिशव्या मायक्रोस्कोपखाली हिरव्या ठिपक्यांसारख्या दिसतात. साल-७ म्हणजे सालीच्या अर्काचा सातवा भाग (पहिले सहा निकामी निघाले). तो लिव्हर कॅन्सरच्या पेशींवर घातला की ठिपके पेशीमागे ६ वरून २३ वर जातात आणि दोन दिवसांत निम्म्या पेशी मरतात. म्हणजे साल-७ ऑटोफॅजी इतकी वाढवतं की कॅन्सरची पेशी स्वतःला खाऊन संपते. इतकं सरळ आहे. इतकं सरळ असून आधी कोणाला का सुचलं नाही, याचं उत्तर मी प्रस्तावनेत नम्रपणे देईन.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लॅब मीटिंग. सर कुठल्याशा विमानतळावरून लॅपटॉपवर हजर. स्लाइड अकरा, ठिपक्यांचा ग्राफ. सर म्हणाले, छान, छान.

शेजारच्या बेंचवर जी बसते ती मला दोन वर्षांनी सीनियर आहे. प्रत्येकाला प्रत्येक मीटिंगमध्ये कंट्रोल कुठंय, म्हणजे तुलनेसाठी काही न घातलेल्या पेशी कुठंयत, म्हणून विचारते, त्यामुळे मी तिला मनात कंट्रोलताई म्हणते. तिने हात वर केला. म्हणाली, दारात कचऱ्याच्या पिशव्या साठल्या म्हणजे घरात साफसफाई जोरात चाललीय, की कचऱ्याची गाडीच आली नाही? तुझ्या ग्राफवरून हे कसं कळायचं गं?

सगळे हसले. नेटवर्कमुळे सर थोडे उशिरा हसले.

मी म्हणाले, कचऱ्याची गाडी माझ्या विषयात येत नाही. यावर कोणी हसलं नाही.

तिचं म्हणणं, ब्लॉकर घालून बघ. ब्लॉकर म्हणजे पिशव्या रिकाम्या होणं थांबवणारं औषध. गाडी बंद. गाडी बंद असतानाही साल-७ ने पिशव्या आणखी वाढल्या, तर साल-७ खरंच पिशव्या भरतंय. नाही वाढल्या, तर साल-७ च गाडीसमोर आडवं पडलंय. सहा डिश, दोन दिवसांचं काम.

प्रश्न रास्त आहे, विचारायची पद्धत नाही. शिवाय ब्लॉकर तिच्या डब्यात आहे, फ्रीझरच्या तिसऱ्या कप्प्यात. म्हणजे मागावं लागेल. नंतर करीन.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बोललेली वाक्यं तीन. एक वॉचमनशी, दोन सेंट्रिफ्यूजशी. एकाग्रता उत्तम.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १

मामाचा फोन. मामाचं चष्म्याचं दुकान आहे. रविवारी दुपारी गिऱ्हाईक नसतं आणि मामी गेल्यापासून घरी जायचीही घाई नसते. म्हणाला, डॉक्टरीणबाई, तुमचं काम दाखवा की जरा. मी ठिपक्यांचा सगळ्यांत चांगला फोटो पाठवला. त्याने बराच वेळ पाहिला. म्हणाला, नंबर वाढलेल्या माणसाला बिनचष्म्याचं असंच दिसतं. मग विचारलं, यातलं मेलेलं कोण आणि जिवंत कोण? मी समजावून सांगितलं. तो मध्ये मध्ये हं हं करत होता. मला माझा विषय इतका चांगला समजावून सांगता येतो हे मलाच माहीत नव्हतं.

कॉल १९ मिनिटं. या वर्षातला सगळ्यांत लांब. याआधीचा विक्रम ७ मिनिटांचा. तो राँग नंबर होता, पण माणूस बोलका होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी माझ्या बेंचवर एक छोटी ट्यूब, टिश्यूत गुंडाळलेली. वर चिठ्ठी. ब्लॉकर आहे, लगेच फ्रीझरमध्ये टाक, मागत बसायची गरज नाही. कंट्रोलताईचं अक्षर.

उपकार म्हणून दिलेल्या वस्तूवर विज्ञान उभं राहत नाही. ट्यूब होती तिथेच ठेवली. ती पाहील आणि समजेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आईचा फोन. म्हणाली, मामाने तुझा फोटो दुकानात लावलाय. तुझा म्हणजे तुझ्या त्या ठिपक्यांचा. डोळे तपासायचा तक्ता टांगलाय ना, त्याच्या शेजारी, फ्रेम करून. खाली छापून घेतलंय, भाचीचं औषध. एका आजोबांना वाटलं हीच परीक्षा आहे. बिचारे ठिपके वाचायला लागले आणि रडकुंडीला आले, म्हणाले, मला काहीच वाचता येत नाही हो.

आई हसत होती. मीही हसले. मग आई म्हणाली, खरंच आहे ना गं ते औषध?

मी म्हणाले, सध्या ते डिशमध्ये आहे.

आई म्हणाली, म्हणजे तयार आहे.

औषध हा शब्द चुकीचा आहे. रविवारी मामाला स्पष्ट सांगेन.

१६ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं नाही. सांगायच्या आधीच त्याने सांगितलं की त्याने हॉस्पिटलची तारीख पुढे ढकलली. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, काका, गाठ काही तुमच्यासाठी थांबत नाही. तर हा म्हणाला, माझी भाची याच्यावरच संशोधन करतेय, तिने महिना मागितलाय, तेवढा तरी देतो. नर्सबाई म्हणाल्या, भाची डॉक्टर आहे का? हा म्हणाला, डॉक्टरच्या वरची आहे.

मी महिना मागितला नव्हता. मी महिना सांगितला होता. तसंच मी थांब म्हटलेलं नाही. थांबू नकोस असंही म्हटलेलं नाही. तो एकसष्ट वर्षांचा, स्वतःचं दुकान चालवणारा माणूस आहे. निर्णय त्याचा.

मग त्याने विचारलं की पेशींना रविवारी सुट्टी असते का. कॉल ३१ मिनिटं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मामाची मूळ तारीख. ज्या वेळी त्याला टेबलावर घेतलं असतं त्या वेळी मी ठिपके मोजत होते. ३१२ पेशी. सरासरी २३.४. आजवरचा सर्वांत सुंदर आकडा.

दुपारचं जेवण राहिलं. राहिलं म्हणजे वेळ नव्हता. कँटीनमध्ये चार जणांच्या टेबलावर एकटं बसायला लागतं हे कारण नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटी ब्लॉकर वापरायचं ठरवलं. मोठेपणा म्हणून. ट्यूब उघडली आणि लक्षात आलं की ती नऊ दिवस बेंचवर आहे. उणे वीसमध्ये राहायची वस्तू, खिडकीच्या उन्हात. टाकून दिली.

आता पुन्हा मागावी लागेल, आणि आधीचीचं काय झालं हेही सांगावं लागेल. परिस्थिती माझ्या हाताबाहेर गेली आहे. प्रयोग तूर्त पुढे ढकलला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वाढदिवस. अठ्ठावीस. सकाळी आईचा फोन, नऊ मिनिटं. लॅबमध्ये कोणाला माहीत नाही. माहीत नसावं म्हणून मी पहिल्याच वर्षी फॉर्मवर तो रकाना कोरा ठेवला होता. योजना यशस्वी.

दुपारी पार्सल. मामाने नवा चष्मा पाठवला. फ्रेम हलकी, काचा त्याने स्वतः बसवलेल्या. नंबर विचारला नव्हता, तरी अचूक. सोबत चिठ्ठी, सारखं मायक्रोस्कोपात बघतेस, आता अर्धा नंबर वाढला असणार असा अंदाज केला. चुकला असेल तर तुझ्या पेशींवर केस करीन.

चष्मा लावून संध्याकाळपर्यंत काम केलं. कोणी काही म्हटलं नाही. वॉचमनने दोनदा पाहिलं, पण कदाचित रजिस्टरात सही राहिली होती.

१ मार्च, शनिवार

पेपरचं शीर्षक ठरलं. कव्हरवर कोणता फोटो शोभेल तेही ठरलं. आभाराचा मजकूरही लिहून टाकला. या कामात लेखिकेला कोणाचीही मदत झाली नाही. वाचल्यावर उद्धट वाटलं म्हणून खोडलं. मग लिहिलं, लेखिका आपल्या मामाची ऋणी आहे. कारण काय द्यायचं ते सुचेना. कशाबद्दल ऋणी हे लिहावं लागतं. तिथे रेघ मारून ठेवली आहे.

प्रयोग तीनदा करायचे होते. एकदाही नाही. म्हणजे महत्त्वाचा तो एक. बाकीचे अकरा झाले.

२ मार्च, रविवार

मामाचा फोन. आवाज बारीक. म्हणाला, पट्ट्याला नवं भोक पाडलं, चांभाराला म्हटलं, आणखी दोन पाडूनच ठेव, पुन्हा यायला नको. मग म्हणाला, डॉक्टरीणबाई, महिना झाला की आज.

मी म्हणाले, फेब्रुवारी अठ्ठावीसच दिवसांचा असतो.

त्याला हसू आलं. मलाही. त्याचं हसणं खोकल्यावर गेलं. मग मला त्याच्या दुकानातलं घड्याळ ऐकू येत होतं.

कॉल ६ मिनिटं. त्यातली दोन घड्याळाची.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ११.३०

कंट्रोलताईकडे ब्लॉकर मागितला. आधी वाक्य कागदावर लिहून पाहिलं. पाचवा मसुदा वापरला. तिने तो पूर्ण होऊही दिला नाही. म्हणाली, अगं, डबा उघडाच असतो. ती ट्यूब उन्हात पडलेली मी रोज बघत होते.

मी विचारलं, मग उचलली का नाही?

ती म्हणाली, मला वाटलं, तुला नाही म्हणायचंय तर निदान नाही तरी म्हणशील.

मग तिने विचारलं, आता एकदम कशी काय घाई? मला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. मामा. गाठ. महिना. ती हातातलं पिपेट ठेवून स्टुलावर बसली. म्हणाली, तुझ्यामुळे थांबलाय तो? मी म्हणाले, तांत्रिकदृष्ट्या त्याने स्वतःच तारीख... ती म्हणाली, तांत्रिकदृष्ट्या राहू दे. थांबलाय का?

मी म्हणाले, थांबलाय.

ती म्हणाली, मग आजच्या आज फोन कर त्याला. प्रयोग नंतर.

मी म्हणाले, पुरावा हातात आल्याशिवाय मी विधान करत नाही. ती म्हणाली, महिना हे विधान नव्हतं का गं?

याला उत्तर आहे. सुचलं की इथे लिहीन.

६ मार्च, गुरुवार

पेशी लावल्या. सहा डिश. साध्या. साल-७ घातलेल्या. ब्लॉकर घातलेल्या. दोन्ही घातलेल्या. आणि उपाशी ठेवलेल्या पेशी, ब्लॉकरशिवाय व ब्लॉकरसह, म्हणजे ब्लॉकर नीट चालतोय की नाही तेही कळेल. कंट्रोलताईने डिशवरची माझी नावं पुसून क ते च अशी अक्षरं टाकली, कोणतं अक्षर कशाचं ते तिच्या वहीत लिहिलं आणि वही स्वतःच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद केली. म्हणाली, तू प्रामाणिक आहेस गं, पण तुझे डोळे लाडावलेले आहेत.

८ मार्च, शनिवार

मोजणी. अर्ध्या पेशी मी मोजल्या, अर्ध्या तिने. एका मायक्रोस्कोपवर आळीपाळीने. एक मोजणार, दुसरी लिहिणार. सकाळी नऊ ते दुपारी चार. मध्ये तिने डब्यातली पोळी अर्धी करून माझ्यासमोर ठेवली, न विचारता, कारण विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते. हे तिला कसं कळलं माहीत नाही.

आज बोललेली वाक्यं मोजायची राहिली.

९ मार्च, रविवार. दुपारी १२.३०

ताईने येऊन ड्रॉवर उघडला. अक्षरांची नावं झाली.

साध्या पेशी ६. साल-७ २३. ब्लॉकर २४. दोन्ही एकत्र २४.

उपाशी पेशी १५. उपाशी आणि ब्लॉकर ३८. म्हणजे ब्लॉकर चालतोय, मोजणी बरोबर आहे. आणि ठिपके २४ च्या वर जाऊ शकतात. साल-७ ने ते नेले नाहीत.

साल-७ काहीच भरत नाही. ते गाडी अडवतं. पेशीतली सफाई बंद पडते, कचरा तुंबतो, पेशी मरते. मी चार वर्षं तुंबलेला कचरा मोजून त्याला स्वच्छता म्हणत होते.

ताई म्हणाली, हाही निकालच आहे. ऑटोफॅजी अडवूनही कॅन्सरवर काम चाललंय. तुझा पेपर होईल, फक्त उलटा. पण आधी चांगल्या लिव्हरच्या पेशींवर बघ. गाडी अडली तर ती सगळ्यांचीच अडेल.

१२.१० ला मामाचा फोन आला होता. उचलला नाही. हात ओले होते.

हात १२.११ ला पुसले.

१० मार्च, सोमवार

निकालाची संभाव्य कारणं. मायक्रोस्कोपचा दिवा जुना. पेशी जास्त वयाच्या. ताईने मोजलेल्या पेशींत तिचा पूर्वग्रह. शेवटचं कारण बाद, तिच्यापेक्षा माझेच आकडे वाईट आहेत.

प्रयोग पुन्हा लावला. सोबत चांगल्या लिव्हरच्या पेशीही.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी १०

तेच. २३, २४, २४. चांगल्या पेशीसुद्धा मेल्या, कॅन्सरच्या पेशींपेक्षा थोड्या जास्तच. डिश उचलून खिडकीपाशी नेली. तळाशी काही चिकटलेलं नव्हतं. सगळं तरंगत होतं.

सरांना ईमेल केली. उत्तर आलं, नोटेड. छान.

दुपारी ३

आईचा फोन. हॉस्पिटलने मामाला पुन्हा स्कॅनला बोलावलं. गाठ ४.६. डॉक्टर भडकले, म्हणाले, आणखी वाढली तर आम्हालाही हात लावता येणार नाही. २४ तारखेला एक जागा आहे, २० च्या संध्याकाळी पाचपर्यंत हो किंवा नाही कळवायचं, नाहीतर ती दुसऱ्याला जाईल. मामा डॉक्टरांना म्हणाला, भाचीला विचारून सांगतो.

आई म्हणाली, तूच सांग गं बाई आता. तो माझं ऐकत नाही. लहानपणापासून कोणाचं ऐकलं नाही त्याने, एक तुझंच ऐकतो.

मी म्हणाले, बघते.

१४ मार्च, शुक्रवार

मीच फोन लावला. पहिल्यांदा. म्हणजे फक्त या महिन्यात किंवा या वर्षात नव्हे, एकूणच पहिल्यांदा. त्याने पहिल्या रिंगला उचलला. म्हणाला, अरे वा, आज सूर्य कुठून उगवला? म्हणाला, आवाज ऐकूनच निम्मा बरा झालो. मग विचारलं, कशा आहेत आपल्या पेशी?

आपल्या म्हणाला.

मी म्हणाले, मजेत आहेत.

मग त्याने एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली, जो दोन वर्षं बायकोचा चष्मा लावून फिरत होता आणि त्याला वाटत होतं की डोळे सुधारले. आम्ही हसलो. कॉल २२ मिनिटं.

फोन ठेवल्यावर पाहिलं. २२ मिनिटांत मी २४ तारखेबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. पेशींबद्दल दोन बोलले. दोन्ही खोटे.

१५ मार्च, शनिवार

ताईने विचारलं, सांगितलंस? मी म्हणाले, पार्श्वभूमी तयार केली.  

मग तिने विचारलं, घाबरतेस कशाला? तो चिडेल म्हणून?

मी नाही म्हणाले. तो चिडणार नाही. चिडला तर बरं. तो म्हणेल, असू दे गं. मग उपचाराला जाईल, बरा होईल किंवा होणार नाही, आणि रविवारी मला फोन करायचं त्याला काही कारण राहणार नाही.

हे मी ताईला सांगितलं नाही. इथे लिहिलं आहे. सहा आठवड्यांच्या वहीत मी एवढं एकच निरीक्षण कंट्रोलसकट केलं आहे. गाठ नसती, तर हे फोन आले नसते. मी गाठीचा फायदा घेतला.

१६ मार्च, रविवार. सकाळी ९.१५

फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहून पाठवलं. सहावा मसुदा. प्रत खाली.

मामा,

साल-७ औषध नाही आणि होणारही नाही. मला वाटत होतं ते चुकीचं होतं. दोनदा तपासलं, शेजारच्या बेंचवरच्या ताईनेही तपासलं. ते कॅन्सरच्या पेशी मारतं तशाच चांगल्याही मारतं, आणि कसं मारतं ते मला चार वर्षं उलटं समजलं होतं.

महिनाभरात स्पष्ट होईल असं मी दोन फेब्रुवारीला म्हणाले तेव्हा मला तसं म्हणायला काही आधार नव्हता. तू घाबरला होतास आणि माझ्याकडे आशेने बघत होतास. माझ्याकडे तसं कोणी बघत नाही. मला ते सोडवेना. नंतर तू थांबलास हे कळूनही मी गप्प बसले. तुझ्या गाठीत जे १.४ सेंटिमीटर वाढले, त्यात माझा हात आहे. तू असू दे गं म्हणशील हे मला माहीत आहे. म्हणू नकोस.

२४ ची जागा घे. डॉक्टर जे करणार आहेत ते शेकडो माणसांवर करून पाहिलेलं आहे. माझं डिशबाहेर कधी गेलंच नाही. मी २२ ला संध्याकाळी तुझ्याकडे येते आणि आठवडाभर राहते. सुट्टी मंजूर झाली आहे. मला स्वयंपाक येत नाही, पण पथ्याचं वजन करून वेळेवर देता येईल. तू नको म्हणालास तरी मी येणार आहे, तेव्हा त्यावर उत्तर लिहीत बसू नकोस.

उत्तर एवढंच हवं आहे. हॉस्पिटलला हो कळवलंस की नाही, ते मला गुरुवार, २० मार्चला संध्याकाळी पाचच्या आत कळव.